गावातले घर आणि कॉलनीतला प्लॉट



गावातले घर विकून कॉलनीत प्लॉट घ्यावा काय, हा प्रश्न आज बालाघाटातल्या बहुतेक जुन्या मराठी घरांत चर्चेला आहे. हळदीकुंकवाला बायका हेच बोलतात, गणपतीच्या आरतीनंतर ओट्यावर बसलेले पुरुष हेच बोलतात, आणि तेरवीच्या जेवणानंतर भाऊ-भाऊ एका कोपऱ्यात उभे राहून हळू आवाजात बोलतात तेही बहुधा हेच असते. आपले हे पत्रक राजकीय आहे. मग त्यात घरखरेदीवर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. पण माणूस कुठे राहतो, यावर त्याचे मत कोणत्या वॉर्डात पडते, त्याच्या नालीला कोण जबाबदार असते आणि त्याच्या नातवंडांच्या कानावर कोणती भाषा पडते, हे सारे ठरत असते. राजकारण याहून वेगळे काय असते? म्हणून यावेळी हा विषय.

थोडे मागे जाऊ. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून झाला. मुख्यालयाचे गाव तेव्हा बुऱ्हा म्हणून ओळखले जाई. आजही शहराच्या एका भागाला आपण बूढी म्हणतो, ते नाव त्याचीच आठवण देते. नागपूरचे भोसले राज्य जाऊन फार वर्षे झाली नव्हती. सरकारी कारकुनी, वकिली, शिक्षकी, मालगुजारीचा हिशेब ही कामे करायला नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी कुटुंबे इथे आली. आणि वैनगंगेच्या खोऱ्यात, लांजी-कटंगीच्या पट्ट्यात, मराठी बोलणारे शेतकरी तर आधीपासूनच होते. १९०३ ते १९०५ च्या दरम्यान गोंदियाहून जबलपूरपर्यंत छोटी रेल्वे झाली, तेव्हा ये-जा आणखी वाढली. त्या काळी जागेला तोटा नव्हता. कचेरीजवळ, बाजाराजवळ, तलावाजवळ ज्याने त्याने घर बांधले. समोर ओटा, आत छपरी, मध्ये अंगण, मागे विहीर आणि बाडी. बाडीत पेरू, सीताफळ, कढीपत्ता. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. आपली घरे जागची हलली नाहीत. फक्त ज्या शहराकडे तोंड करून ती बांधली होती, ते शहर दुसऱ्या राज्यात गेले.

त्या घरांचे आज काय झाले आहे, हे सांगायला नको. तीन भावांत वाटणी झाली, अंगणातून भिंत गेली, विहीर एकाच्या वाट्याला आली आणि बुजली. पुढच्या छपरीचे दुकान झाले. हनुमान चौक, काली पुतली चौक या बाजूला ज्यांची घरे आहेत, त्यांना सकाळी गाडी बाहेर काढायला अर्धा तास लागतो. लग्नसराईत वराती, सणावारी डीजे, बाकीच्या दिवशी ट्रकचे भोंगे. ऐंशी वर्षांच्या आजोबांना रात्री दोन तास सलग झोप लागत नाही. अशा वेळी मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "बाबा, आता हे सोडा, एखाद्या शांत गल्लीत घर घेऊ," तेव्हा त्यात उगाच 'मुळे तोडण्याची' गोष्ट काढून त्याला दोष देणाऱ्यांतले आम्ही नाही. शांत गल्ली, दारासमोर एक झाड, गाडी उभी करायला जागा, संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना फेरी मारता येईल असा रस्ता, एवढे मागणे रास्त आहे. मलाजखंड किंवा भरवेलीच्या खाणीच्या क्वार्टरांत ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे काढली, त्यांना तर निवृत्तीनंतर स्वतःचे पहिलेच घर घ्यायचे असते. त्यांची मागणी आणखी रास्त.

तक्रार वेगळी आहे. आपली माणसे लग्न जमवताना सात पिढ्यांची चौकशी करतात आणि आयुष्याची कमाई घालून प्लॉट घेताना दलालाच्या मोटारसायकलवर बसून अर्ध्या तासात 'पसंत' म्हणून येतात.

गायखुरी, कोसमी, आवलाझरी, गोंदिया रोड, कुठेही जा. शहराबाहेर ज्या जमिनीवर आज खांब रोवून प्लॉट पाडलेले दिसतात, ती बहुतेक कालपर्यंत धानाची बांधी होती. बांधी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगावे लागू नये. चारी बाजूंनी पाळ घालून पाणी अडवायचे, हेच तिचे काम. आपल्या जिल्ह्यात वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पिढ्यान्‌पिढ्या पाणी साठवण्यासाठी सपाट केलेली जमीन, वर दोन फूट मुरूम टाकला म्हणून पाणी विसरेल काय? मार्च महिन्यात प्लॉट पाहिला की तो टणटणीत दिसतो. दलालही मार्च-एप्रिलमध्येच दाखवतो. आमचे म्हणणे एवढेच की प्लॉट एकदा ऑगस्टमध्ये, तीन दिवसांच्या झडीनंतर, चिखलात पाय घालून पाहावा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे की इथे पाणी कुठून यायचे आणि कुठे जायचे. एखाद्या जुन्या बोडीची जागा भरून तर प्लॉट पाडले नाहीत ना, हे गावातला म्हातारा एका मिनिटात सांगतो. नकाशात ते शोधायला आठवडा लागतो. काळी भारी माती असेल तर ती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते. पाया त्या हिशेबाने घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. हा खर्च प्लॉटच्या भावात कोणी धरत नाही.

आता कागदांकडे येऊ. हा भाग रुक्ष आहे, तरी वाचकांनी तो सोडून देऊ नये.

आपल्याकडे रजिस्ट्री झाली की घर आपले झाले, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्ताशिवाय विकता येत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून ठरलेले आहे. स्टॅम्प पेपरवरचा इकरारनामा, मुखत्यारनामा, मृत्युपत्र अशी जोडगोळी करून 'घर घेतले' म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की असल्या कागदांनी मालकी येत नाही. पण उलट बाजूही ध्यानात घ्यावी. रजिस्ट्री करणारा अधिकारी दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी आहे याची हमी तो देत नाही. ज्याच्याकडे विकण्याचा हक्कच नव्हता, त्याने करून दिलेली रजिस्ट्री कितीही रंगीत शिक्क्यांची असली तरी फोल. तसेच नामांतरण. तहसीलीत नाव चढले म्हणजे महसूल कोणाकडून घ्यायचा हे ठरले. मालकीचा निकाल त्यावरून लागत नाही, असे न्यायालये पुनःपुन्हा सांगत आली आहेत. तरीही नामांतरण लगेच करून घ्यावेच, कारण ते न करता वर्षे गेली की त्याच खसऱ्याची दुसरी रजिस्ट्री व्हायला वाट मोकळी राहते.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा सल्ला इथे फारसा चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. नागपूरचे भाऊजी सातबारा मागा म्हणतात. इथे सातबारा नसतो. इथे खसरा, बी-१ आणि नक्शा पाहायचा. ते एन.ए. म्हणतात, इथे डायव्हर्शन म्हणतात. ते रेडी रेकनर म्हणतात, इथे कलेक्टर गाइडलाइन. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ ची आहे आणि तिच्यात २०१८ मध्ये बरेच बदल झाले. रजिस्ट्रीचे काम 'संपदा' या संगणक प्रणालीवर चालते. तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. खसरा घरबसल्या पाहता येतो. मुलगा पुण्यात संगणकावरच बसलेला असतो. त्याला हे काम सांगावे, त्याला दहा मिनिटे लागतील.

परंतु खसरा कोरा, मालक खरा, रजिस्ट्री पक्की, आणि तरीही कॉलनी अवैध, असे होऊ शकते. आपल्या लोकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. शेतकऱ्याच्या शेताचे तुकडे पाडून दहा जणांना रजिस्ट्री करून दिली, तर दहा जण जमिनीचे मालक झाले. पण त्यांच्यामधला जो रस्ता आहे तो कोणाचा? नाली कोण काढणार? खांब कोण उभे करणार? कॉलनी वैध व्हायला नगर तथा ग्राम निवेश विभागाकडून मंजूर नकाशा लागतो, डायव्हर्शन लागते, कॉलनायझरची नोंदणी लागते, पालिकेची किंवा ग्रामीण भाग असेल तर सक्षम अधिकाऱ्याची विकासाची परवानगी लागते. रस्ते, नाल्या, पाणी, बगीचा ही कामे पुरी होईपर्यंत कॉलनायझरला काही भूखंड पालिकेकडे गहाण ठेवावे लागतात. कोणते भूखंड गहाण आहेत, हे पालिकेत जाऊन विचारले तर कळते. किती जण विचारतात? स्वस्तात मिळालेला कोपऱ्यावरचा प्लॉट नेमका त्यांतलाच असेल तर?

२०१६ चा रेरा कायदा आल्यापासून ग्राहकाच्या हाती थोडे बळ आले आहे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या किंवा आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक आहे आणि प्लॉटच्या कॉलन्याही त्यात येतात. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. घराच्या बांधकामात दोष निघाला तर ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत दुरुस्ती बिल्डरने करून द्यायची. हे सगळे कागदावर उत्तम. पण बालाघाटसारख्या ठिकाणी बयाणा अजूनही पाकिटातून दिला जातो आणि पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे दोन्ही बाजूंना वाटते. इंदूरकडे तर डायरीच्या पानावर सौदे होतात आणि ती डायरीच पुढे विकली जाते. तिकडचे वारे इकडे यायला वेळ लागत नाही.

"होईल हो वैध, पुढच्या निवडणुकीआधी सगळ्या होतात," हे वाक्य प्रत्येक दलालाच्या तोंडी असते आणि दुर्दैवाने त्यात तथ्यही आहे. म्हणूनच ते घातक आहे. २०१८ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या वर्षात, राज्यात अवैध कॉलन्या वैध करण्याची मोहीम निघाली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने ज्या नियमाच्या आधारे ती चालली होती तो नियम १५-अ रद्द केला. मग २०२१ मध्ये कायद्यातच बदल करून नवे नियम आले आणि ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतच्या कॉलन्यांना वाट मिळाली. २०२३ च्या मे महिन्यात, म्हणजे पुन्हा निवडणुकीच्या वर्षात, ती तारीख २०२२ च्या डिसेंबरपर्यंत आणण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली. तारीख पुढे सरकत जाते, हे पाहून नवा कॉलनायझर नवे शेत विकत घेतो. पक्ष कोणताही असो, हा खेळ सर्वांना सोयीचा आहे: विकणाऱ्याला विकासाचा खर्च वाचतो, सरकारला घोषणा मिळते आणि विकासशुल्काचा भार शेवटी आपल्यावर येतो. ज्याने नियम पाळून, महाग पडले तरी वैध कॉलनीत घर घेतले, तो मात्र मूर्ख ठरतो.

हे केवळ इथलेच आहे असे नाही. नागपुरात आपली अर्धी मुले आहेत, म्हणून तिथले उदाहरण घेऊ. '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे आकडे तिथे घरोघरी माहीत आहेत. शेतांवर पाडलेले हे अनधिकृत लेआउट नियमित करण्याचे काम नागपूर सुधार प्रन्यासाकडे आले. महाराष्ट्राने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला. आर.एल. पत्र मिळवण्यासाठी लोकांनी किती वर्षे हेलपाटे घातले, हे आपल्या कोणत्याही नागपूरकर काकाजींना विचारा. घर बांधून तिथे मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, तरी घरासमोरचा रस्ता कच्चाच. उलट ज्या धरमपेठ-रामदासपेठेच्या शांत, झाडांच्या गल्ल्यांचे आपल्याला इतके कौतुक, तिथले बंगले पाडून बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि गल्लीत गाडी लावायला जागा उरली नाही. म्हणजे शांत गल्ली विकत घेतली तरी ती शांतच राहील, असा करार कोणी लिहून देत नाही. इथेही आज समोर जो मोकळा प्लॉट दिसतो, तिथे उद्या लग्नाचे लॉन होऊ शकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचे आहेत. राज्य सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये त्याची सक्त अंमलबजावणी करण्याचे आदेशही दिले. पण रात्री साडेअकराला ठाण्यात फोन कोण करणार, हा प्रश्न उरतोच. गावातल्या गल्लीत निदान दहा ओळखीची घरे मिळून जात. कॉलनीत सहा घरे बांधलेली, त्यांतली दोन कुलूपबंद.

आता विकायच्या घराबद्दल. नवे घर घेताना जेवढी घाई, त्याहून अधिक घाई जुने विकताना होते, कारण पैसा त्यातूनच यायचा असतो. जुन्या सीपीच्या शहरांत पुष्कळ जागा नजूल आहेत. पट्ट्याची मुदत केव्हा संपली, नूतनीकरण झाले की नाही, हे आजोबांच्या पेटीत पडलेले असते. ते काढल्याशिवाय ग्राहक पुरी किंमत देत नाही. तो कागदाची उणीव दाखवून भाव पाडतो आणि नंतर स्वतः तेच काम करून घेऊन दुप्पट कमावतो. आधी पट्टा नीट करावा, मग बाजारात जावे.

आणि बहिणी. या विषयावर आपल्याकडे बोलणे जड जाते, पण बोलले पाहिजे. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असणे जरुरीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात कायम केले. तरीही घर विकायचे ठरले की बहिणीला रक्षाबंधनाला बोलावून साडी देतात आणि 'इथे सही कर' म्हणून कागद पुढे करतात. तीही करते, माहेर तुटू नये म्हणून करते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. सरकारी भाषणांत तो आकडा हमखास असतो. त्या १,०२१ पैकी कितीजणींचे नाव घराच्या कागदावर आहे, ते प्रत्येकाने आपल्या घरापुरते मोजावे. नवे घर घेताना पत्नीचे नाव आधी घालावे, असे आम्हांस वाटते. स्त्रियांच्या नावावरील रजिस्ट्रीला शासन सवलतही देत आले आहे, पण सवलत नसती तरी आमचे मत हेच असते. दोघांपैकी मागे राहणारी बहुधा तीच असते आणि त्या घरातून तिला उठवण्याची ताकद कोणाच्या हाती राहू नये.

यापुढचा मुद्दा आपल्या समाजाचा. गावात आपली घरे जवळजवळ होती, म्हणून गणपती बसत होता, म्हणून हळदीकुंकू होते, म्हणून पोरे एकमेकांशी मराठीत भांडत होती. कॉलनीत एक मराठी घर इथे, दुसरे तीन किलोमीटरवर. शेजारी चांगले असतात. छत्तीसगडचे, उत्तर प्रदेशचे, इथलेच पोवार, लोधी, मरार बंधू. त्यांच्याशी हिंदीत बोलणे हे योग्यच आहे. पण नातू मग घरातही हिंदीच बोलतो. इथे एक हिशेब सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९४९ पासून मान्य झालेले सूत्र असे आहे की प्राथमिक शाळेत त्या भाषेची ४० मुले असतील किंवा एका वर्गात १० असतील, तर मातृभाषेत शिकवण्याची सोय करावी. संविधानाचे कलम ३५०-अ त्याच हेतूचे आहे आणि ते १९५६ च्या पुनर्रचनेबरोबरच आले. आपण पांगलो की एका शाळेत ४० कुठून आणणार आणि एका वर्गात १० कुठून? हक्क कागदावर शाबूत राहतो आणि तो मागणारे एका ठिकाणी उरत नाहीत. म्हणून चार-सहा कुटुंबांनी मिळून एकाच वैध कॉलनीत, शक्यतो एकाच गल्लीत, प्लॉट घेण्याचा विचार करावा, असे आमचे सुचवणे आहे. एकत्र गेले तर वकिलाचा खर्च वाटला जातो, भाव कमी होतो आणि रात्री साडेअकराला ठाण्यात जायला सोबत मिळते. मंडळाने इच्छुक कुटुंबांची यादी करायला हरकत नाही. मात्र मंडळाने स्वतः प्लॉटचा व्यवहार हाती घेऊ नये. पैशांनी फुटलेल्या संस्था आपण पाहिल्या आहेत.

राहता राहिले मताचे. कॉलनीत गेलेल्यांपैकी पुष्कळांची नावे अजून जुन्या वॉर्डाच्या यादीत आहेत. मतदानाच्या दिवशी ते रिक्षा करून गावात येतात, जुन्या ओळखीच्या पार्षदाला मत देतात, चहा पितात आणि परत जातात. भावना समजते. पण ज्या वॉर्डात तुमची नाली तुंबते, तिथला पार्षद तुमच्या मताचा धनीच नाही. तो तुमचा फोन का उचलील? नाव बदलण्यासाठी फॉर्म ८ भरावा लागतो, तो काही अवघड नाही. २०२५ च्या नोव्हेंबरपासून राज्यात मतदारयादीचे विशेष सघन पुनरीक्षण झाले, त्यात बीएलओ दारोदार फिरले आणि दोन दशकांपूर्वीच्या यादीतले आपले किंवा आईवडिलांचे नाव शोधण्याची वेळ लोकांवर आली. ज्यांनी जुने घर विकताना जुने कागदही रद्दीत घातले होते, त्यांची धावपळ झाली. घर विका, पेटी विकू नका, असे आम्ही तेव्हाही सांगत होतो. आणि ज्या कॉलन्या पालिकेच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी हे समजून घ्यावे की तिथे पार्षद नसून सरपंच आहे, आणि शहराचा नळ तिथपर्यंत यायला हद्दवाढ व्हावी लागते.

२०२२ च्या पालिका निवडणुकीत निवडून आलेल्यांची मुदत २०२७ मध्ये संपत आहे. मत मागायला लोक येतील, ओट्यावर बसतील, आणि आजोबांच्या पाया पडून "काकाजी, आशीर्वाद द्या" म्हणतील. त्यांना चहा द्यावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात. आमची कॉलनी पालिकेला हस्तांतरित झाली आहे काय? झाली नसेल तर कॉलनायझरचे गहाण भूखंड कोणाच्या आदेशाने सोडले? आणि आमच्या हस्तांतरणाची फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे? उत्तर तोंडी देऊ लागले, तर ते कागदावर लिहून सही करून मागावे.